इनासच्या गोष्टीतली म्हातारी

"मास्तर, तुमचं नाक मना लागंल."

पाली गावातल्या माझ्या पहिल्या दिवशी, बैलगाडीतून वळकटी उतरवत असताना शेजारच्या घरातून बाहेर आलेल्या माणसाने मला हे ऐकवलं. कुठून आलात नाही, जेवलात का नाही. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि निकाल दिला, "उजव्या अंगानं बरं हाय."

हा इनास. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षी माझी बदली उत्तनच्या बाजूला पालीच्या शाळेत झाली. भाईंदर स्टेशनात उतरायचं आणि मिठागरांच्या कडेकडेने बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत समुद्र दिसेपर्यंत जायचं, असं ते गाव. वस्ती ख्रिस्ती कोळ्यांची. मी घाटावरचा, मासळीच्या वासाने पहिले चार दिवस जेवलो नाही. पाचव्या दिवशी इनासने तळलेले बोंबील आणून दिले आणि माझं नाक नेलं. म्हणजे समोर बसून ते कागदावर उतरवून घेतलं.

इनास तेव्हा पस्तिशीचा असेल. उंच, वाकलेला, बोटं कोळशाने काळी. धंदा म्हणाल तर लग्नाच्या बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मोसमात दुसऱ्याच्या होडीवर जायचा. पण त्याला विचारलं तर तो म्हणे, "मी गोष्ट काढतो." सांगतो नाही, लिहितो नाही, काढतो.

त्याचं असं झालं होतं. वांद्र्याच्या एका लग्नात बॅन्ड वाजवायला गेला असताना त्याला तिथे इंग्रजी पेपरचं एक पान दिसलं. पानभर चौकोन, चौकोनात चित्रं आणि माणसांच्या तोंडातून फुग्यासारखी निघालेली अक्षरं. इनासला इंग्रजी येत नव्हतं. तरी पहिल्या चौकोनापासून शेवटच्या चौकोनापर्यंत त्याला सगळी गोष्ट समजली. ते पान त्याने बॅन्डच्या टोपीत घडी करून घरी आणलं आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच बेत. आपल्या भाषेत, आपल्या दर्याची, शंभर पानांची अशी गोष्ट काढायची. वर रंगीत कव्हर आणि खाली नाव: इनास, पाली.

"आपल्याकडं वाचता येणारी किती हायत, मास्तर? आणि बघता येणारी किती?" असं तो मला विचारी.

गोष्ट अशी होती. बावतीस नावाचा एक कोळी अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात बुडी मारतो आणि थेट दर्याच्या तळाशी जातो. तिथे एक राक्षशीण म्हातारी राज्य करत असते. तिने सगळे मासे कोंडून ठेवलेले असतात. बावतीसला ते सोडवायचे असतात. त्याच्या मदतीला एक कासव असतं. त्या कासवाला माझं नाक दिलेलं होतं. कासवाला नाक असतं हे मला त्या वयात प्रथम कळलं.

नाकांवर इनासचा फार भरवसा. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, डोळ्यानं पण बोलतो. नाकाला ते जमत न्हाय." क्लॅरिनेटबद्दलही त्याचं हेच म्हणणं. ते नाकात बोलतं, म्हणून खरं बोलतं. भाईंदरच्या स्टेशनाजवळ एका इराण्याकडे ग्रामोफोन होता. एका चहावर इनास तिथे चार-चार तबकड्या ऐकून यायचा आणि ऐकलेलं सगळं घरी येऊन क्लॅरिनेटवर उतरवायचा. मराठी पद, इंग्रजी नाचाचं गाणं, चर्चमधली स्तोत्रं, सगळं एकमेकांत मिसळून. लग्नात बाकीचा बॅन्ड धडाडून वाजत असायचा, पण नवरी घरातून निघाली की इनास मधेच एक लांब, संथ सूर लावायचा. बॅन्डचा म्होरक्या वैतागून म्हणायचा, "इनास, लगीन हाय. दफन न्हाय."

"नवरीला इचार," इनास म्हणायचा.

आता मर्तिनबायबद्दल सांगायला हवं. ही इनासची सासू. दोन घरं सोडून एकटी राहायची. साठी उलटलेली, आवाज असा की ती भाईंदरच्या बाजारात बोलली तर खाडीपलीकडच्या माणसाने भाव कमी करावा. इनासची बायको, तेरेज, ही तिची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापाने गेली. मी गावात आलो तेव्हा त्याला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. इनासने दुसरं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "बाजेवाल्याला कोण देतो?"

सासू-जावयाचं बोलणं म्हणजे भांडणच. तो तिला म्हातारी म्हणायचा, ती त्याला पिपाणीवाला म्हणायची. रोज पहाटे टोपली घेऊन बाजाराला निघताना ती त्याच्या पायरीवर केळीच्या पानात दोन मासे ठेवून जायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मांजरासाठी ठेवते." इनासकडे मांजर नव्हतं.

तर एका सकाळी ही मर्तिनबाय शाळेच्या दारात उभी. हातात इनासचा एक कागद. वर्ग चालू होता, तिला त्याचं काही नाही.

"मास्तर, यानं मना हडळ केली."

मी कागद पाहिला. दर्याच्या तळाशी खडकाच्या सिंहासनावर राक्षशीण बसलेली. केसांत शेवाळ, हातात सुरमईचा राजदंड. आणि नाक मर्तिनबायचं. त्यात शंकेला जागा नव्हती.

"आणि ह्यो फुगा कसला माझ्या तोंडातून निघालाय? मी काय विडी ओढते?"

"ते तुमचं बोलणं आहे," मी म्हणालो.

"काय बोलते मी?"

मी वाचून दाखवलं, "मूढ मानवा, तुझा अंत आता समीप आला आहे." राक्षशिणीने नाटकातल्यासारखंच बोलायला हवं अशी इनासची समजूत होती.

मर्तिनबायने कपाळाला आठ्या घातल्या. "असं कोण बोलतं? समीप म्हंजे काय?"

"मग तुम्ही काय म्हटलं असतं?"

ती टोपली खाली ठेवून खरंच विचारात पडली. "मी बोलेन, आलास का रे मेल्या? पाय धुऊन आत ये." थोडं थांबून तिने खुलासा केला, "गिळायचा तर आधी घरात नको का घ्यायला?"

संध्याकाळी मी हे इनासला सांगितलं. मग त्याने फुगा खरवडून पुसला आणि त्यात लिहिलं, आलास का रे मेल्या, पाय धुऊन आत ये. लिहून झाल्यावर त्याने कागद लांब धरून पाहिला. "म्हातारी जिवंत झाली," तो म्हणाला.

त्यानंतर नेमच झाला. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मर्तिनबाय जावयाच्या ओटीवर येऊन बसायची आणि विचारायची, "आज माझी हडळ काय करते?" इनास नवी चित्रं पुढे ठेवायचा. मी वाचायचो. ती दुरुस्त्या सांगायची. बावतीसच्या बोलण्यात तिला रस नव्हता, कासवाला तर ती मोजायचीच नाही. पण राक्षशिणीचं एकेक वाक्य तिने तोलून मापून दिलं. मासे कोंडून ठेवण्याचं कारणही तिनेच पुरवलं. "तुम्ही पोटुशी मासळी पण ओढता. म्हणून कोंडली." आता यावर बावतीसने काय बोलावं हे इनासला तीन आठवडे सुचलं नाही.

हळूहळू गोष्ट राक्षशिणीची होत गेली. बावतीस एका खडकामागे लपून राहिला आणि वीस-वीस चौकोन तिथेच राहिला. लढाईमुळे कागद मिळेनासा झाला, तेव्हा इनास माझ्याकडून परीक्षेचे जुने पेपर नेऊन त्यांच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढू लागला. गावातली माणसं येता-जाता ओटीवर थांबून म्हातारीची खबर विचारायची.

ती गोष्ट कधी छापून आली नाही, हे आताच सांगून टाकतो. माझी बदली झाली तेव्हाही ती संपलेली नव्हती. पण छापून यायची एक संधी आली होती.

गिरगावात मुलांची चित्रांची पुस्तकं काढणारे एक प्रकाशक माझ्या मामांच्या ओळखीचे होते. मी पत्र टाकलं, त्यांनी बोलावलं. इनासने बॅन्डचा लाल कोट इस्त्री करून घातला. चित्रं मर्तिनबायच्या धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. वाटेत त्याने माझ्या टाकाने एका चिठोऱ्यावर आपली सही तीन तऱ्हांनी करून पाहिली आणि कुठली बरी ते मला विचारलं.

प्रकाशक भला माणूस होता. काळी टोपी, जाड चष्मा. त्याने सगळी चित्रं सावकाश पाहिली. मधेमधे तो एकटाच हसत होता. आम्ही दोघं त्याच्या हसण्याकडे बघत अवघडून बसलो होतो.

"म्हातारी फार छान आहे हो," तो म्हणाला. "अशी राक्षशीण मी पाहिली नाही. पण याला शेवट कुठे आहे?"

"शेवट न्हाय अजून," इनास म्हणाला.

"मग करा. कागदाची ही अशी टंचाई. मी बत्तीस पानं देऊ शकतो. शेवटच्या पानावर बावतीस म्हातारीला मारतो, मासे सुटतात, गावात आनंद. पुढच्या महिन्यात आणून द्या, मी छापतो."

इनासने घसा साफ केला. "मारायलाच पायजे?"

"मुलांची गोष्ट आहे. दुष्टाचा नाश दाखवायला नको?"

"जखमी केली तर?"

"नाही चालायचं."

"पळून गेली तर? लांब, तारोडी गावाच्या पुढं?"

"इनासराव, तुम्हाला अडचण काय आहे?"

"ती माझी सासू हाय," इनास म्हणाला.

प्रकाशक इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मग तर एका फटक्यात काम करून टाका," तो म्हणाला. इनासही हसला, पण उशिरा.

येताना भाईंदरला उतरल्यावर इराण्याकडे ग्रामोफोन चालू होता, तिथेही तो थांबला नाही. मी त्याला समजावत होतो. कागदावरची म्हातारी ती, तिला काय होणार आहे? आयुष्यभराचा बेत आहे तुझा. तो मान हलवत होता.

त्यानंतर दोन रविवार गेले, नवं चित्र आलं नाही. तिसऱ्या रविवारी मर्तिनबायने ओटीवर बसून विचारलं, "माझी करते काय? झोपली का?"

इनासने तिला सगळं सांगितलं. बत्तीस पानं, कव्हर, शेवट.

ती जराही विचारात पडली नाही. "मंग मार की. त्यात काय? तुझं पुस्तक होऊ दे."

"जमत न्हाय. मेलेली कशी दिसंल ते डोळ्यापुढं येत न्हाय."

"बघ मंग," ती म्हणाली आणि ओटीवरच्या चटईवर सरळ आडवी झाली. लुगडं पायांवर नीट ओढलं, हात छातीवर ठेवले. "हातात जपमाळ घेऊ?"

"राक्षशिणीच्या हातात जपमाळ कशी चालेल?" मी म्हणालो.

"मंग राहू दे," म्हणून तिने डोळे मिटले.

इनासने फळी मांडीवर घेतली. दुपारची वेळ होती. समोरच्या वाळूत बोंबील वाळत होते, कावळे हाकलायला कोणी नव्हतं. त्याने नाक काढलं, हनुवटी काढली. मर्तिनबाय गमतीने आडवी झाली होती, पण एकदा झोपल्यावर तिचा चेहरा शांत झाला. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती. कोळसा थांबला. मला वाटलं, आता पुढे काढेल. इनास नुसता बघत राहिला.

"माय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "माय, ऊठ."

तिने एक डोळा उघडला. "झालं?"

"न्हाय. ऊठ तू."

"का? मेलेली दिसत न्हाय का मी?"

"दिसतेस. म्हणून बोलतो."

ती उठली नाही. तशीच पडून त्याच्याकडे बघत राहिली. इनास फळीकडे मान घालून म्हणाला, "तेरेजला पण बोललो व्हतो, ऊठ. तिनं ऐकलं न्हाय."

मी घरात जावं की बसून राहावं ते मला कळेना. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांसमोर तिचं नाव घेतलं असेल असं मला वाटत नाही.

मर्तिनबाय कोपरावर भार देऊन उठून बसली. केस सोडले, पुन्हा बांधले. त्याला बराच वेळ लागला. मग तिने त्याच्या मांडीवरची फळी आपल्याकडे वळवून अर्धवट चित्र पाहिलं.

"आता ते गिरगाववाले छापणार न्हायत," ती म्हणाली.

"न्हाय."

"बरं. हिला फुगा काढ."

"मेलेल्याला फुगा कसा काढू?"

"काढ तू. आणि लिव." तिने पदराने तोंड पुसलं आणि बाजारात भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात सांगितलं, "मी मेली नव्हती रे. जरा पाठ टेकली व्हती."

इनासने लिहायला घेतलं. अक्षरं मावेनात, म्हणून त्याने फुगा पुसून मोठा केला.