भिंतीला कान लावणारे परुळेकरकाका

आईनं वीस वर्षं डोंबिवलीत लोकांकडे भांडी घासली. सहा घरं, सहा सिंक. आमच्या स्वतःच्या खोलीत, कल्याणच्या चाळीत, साधी मोरीही नव्हती. भांडी दाराबाहेर उकिडवं बसून घासायची. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. नोकरी लागली, कर्ज मिळालं आणि गेल्या वर्षी ठाकुर्लीला एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यात सिंक होतं, पण सिमेंटचं, तडा गेलेलं, खालून गळणारं. नळही तसाच, कितीही आवळला तरी टपटपणारा. आईचे गुडघे गेलेले. तरी ती सिंकखाली बादली ठेवून बाथरूममध्ये पुन्हा उकिडवी बसायला लागली. "सवय हाय मला," म्हणाली. ते काही मला ऐकवेना. सिंक आणि नळ दोन्ही बदलायचे, असं मी ठरवलं.

मध्ये होते परुळेकरकाका.

काका बरोबर आमच्या खाली, पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. वय बहात्तर. पहिल्यांदा दिसले ते जिन्यात. भिंतीला स्टीलचा पेला उपडा लावलेला आणि पेल्याच्या बुडाला कान. मी थबकले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मिनिटभरानं पेला काढून म्हणाले, "आज हिचं काही बरं नाही."

मला वाटलं, बायको आजारी आहे. मी आईला सांगितलं, आईनं दोन दिवस तांदळाची पेज करून पाठवली, काकूंना द्या म्हणून. तिसऱ्या दिवशी कळलं, काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली आणि 'ही' म्हणजे आमची बिल्डिंग. पेज काकांनीच प्यायली होती. "चांगली होती," म्हणाले, "मीठ कमी."

उघड्या कानांनी त्यांना कमी ऐकू येतं, पण पेला लावला की कोणाच्या टाकीत पाणी चढतंय आणि कोणी फ्रिज सरकवला हेही ते सांगतात. बिल्डिंगमध्ये कोणी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तरी पाच मिनिटांत दारात हजर. "पंचेचाळीस वर्षांची झाली ही. या वयात हाडं कशी असतात? आणि तुम्ही ठोकताय!"

आमच्या सिंकचं पाणी त्यांच्या छतात मुरलेलं. त्यांनी मला नेऊन दाखवलं. "हा डाग बघ. गेल्या महिन्यात रत्नागिरीपर्यंत होता. आता सावंतवाडीला पोचला."

"म्हणूनच बदलायचंय ना काका."

"बदलायला फोडावं लागणार. फोडलं की ती हादरणार."

"आणि नाही बदललं तर?"

"तर भिजून पडणार."

"मग करायचं काय?"

"ऐकायचं," काका म्हणाले. "इमारत सांगून पडते गो, ग्रॅज्युएट. आधी आतून वाजते. ठक, ठक. ते ऐकू आलं की चपला न घालता निघायचं."

मी हसले, पण खरं सांगते, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आजूबाजूच्या दोन बिल्डिंगांवर धोकादायक म्हणून पाट्या लागलेल्या. आमच्या जिन्यात पोपडे पडलेले. काही झालं तर नाव आमचंच. परवा आले आणि बिल्डिंग पाडून बसले, असंच लोक म्हणणार. काकांची भीती मला सर्दीसारखी लागली. मीही जाता-येता भिंतीला हात लावून बघायला लागले. आई म्हणाली, "शिकून येडी झालीस का?"

शेवटी एका रविवारी सकाळी शकीलभाई प्लंबरना बोलावलं. काका साडेआठपासून त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढून छताला पेला लावून उभे होते, हे मी जिना चढून येताना त्यांच्या उघड्या दारातून बघितलेलं.

जुनं सिंक निघालं. मग शकीलभाईंनी नळाला पाना लावला. बाथरूममधला कॉक बंद केलाय म्हणाले होते, पण तो गंजलेला, नुसताच गोल फिरत होता. पाना फिरला आणि नळाबरोबर भिंतीतला लोखंडी पाइपच तुटून हातात आला. पाणी थेट समोरच्या भिंतीवर! आई पातेली घेऊन धावली. शकीलभाई दोन्ही तळहात भोकावर दाबून ओरडले, "ताई, गच्चीवरची चावी बंद करा! जल्दी!"

मी धावले. आमच्याकडे चावी म्हणजे कुलुपाची. चाळीत आमच्या वाट्याला फक्त नळ होता. पाइपावर बसवतात त्या कॉकलाही चावी म्हणतात, हे मला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नव्हतं. वर गेले तर गच्चीचं दार उघडं, कडीला कुलूप लटकतंय, त्यातच चावी. पाण्याचा आणि कुलुपाचा संबंध काय, हे मनात आलं. पण जुनी बिल्डिंग, असेल काही पद्धत. दार ओढलं, कुलूप लावलं, चावी फिरवली आणि ती काढून घेऊन खाली धावले.

येईपर्यंत पाणी थांबलेलं.

"शाब्बास ताई!" शकीलभाई म्हणाले. मला माझाच अभिमान वाटला.

पुढचा पाऊण तास फरशी पुसण्यात आणि भिंत खोदण्यात गेला. मग शकीलभाईंनी छिन्नी थांबवली. तरी आवाज थांबेना. ठक. ठक. ठक.

"तुम्ही ठोकताय?" मी विचारलं.

त्यांनी रिकामे हात दाखवले. आवाज वरून, भिंतीतून येत होता. जिन्यात शेजारी जमले. कोणी कागदपत्रांची पिशवी घेतली, कोणी मुलाला उचललं. मी आईचा दंड धरला, "आई, चल. चपला राहू दे."

आई हलेना. "आगं, पानी खाली गळलं का ते आत्ताच बघून आले. खालच्या काकांचं दार सताड उघडं हाय. पंखा चालू, पन मानूस न्हाई. एवढा कालवा झाला आन् ते वर आलं न्हाईत?"

मी ओट्यावर ठेवलेल्या गच्चीच्या चावीकडे बघितलं.

गच्चीचं दार उघडलं तेव्हा काका उंबऱ्यापाशी बसलेले. बनियन भिजलेलं, पेला चेपलेला. पाइप तुटल्याचं त्यांनी आमच्याआधी ऐकलं होतं आणि मी पोचायच्या आत वर येऊन, टाकीमागे वाकून, सात चाव्यांतली आमची नेमकी चावी बंद केली होती. त्यांना गच्चीवर कोंडून मी शाब्बासकी घेतली होती.

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. काकांनी विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं?"

"आईच्या."

त्यांनी पेल्याचा चेपलेला काठ अंगठ्यानं दाबून बघितला. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये पडलेलो. सकाळी दहाला. उठता येईना. हात पुरेल तिथून पाइपावर तांब्या वाजवत राहिलो. तुमचा फ्लॅट तेव्हा रिकामा होता. बाकीच्यांना वाटलं, कोणाचं तरी काम चाललंय. तीनला भांडीवाली आली, तेव्हा सुटलो."

"म्हणून तुम्ही..."

"म्हणून ऐकत असतो. कोणी वाजवत असेल तर." त्यांनी गुडघे झाडले. "बिल्डिंगचं काय गो, ती कधीतरी पडणारच."

आई मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "उद्यापासनं सकाळी आठला दार उघडलं न्हाई तर मी खाली येनार. आन् पेज प्यायची तर वर येऊन प्यायची. मीठ घालते."

"बरं," काका म्हणाले.

संध्याकाळी नवं स्टीलचं सिंक बसलं, नवा नळ लागला. काका स्टुलावर बसून बघत होते. आईनं चहा केला आणि मग नळ सोडून, उभ्यानं, तीन कप धुतले. तिच्या स्वतःच्या सिंकमध्ये. ते अजून गळलेलं नाही.