पोत्यांचं थेटर

आमच्या तेजस्विनीचं लग्न झालं, ते दोन हजार तेवीस साल. त्याच उन्हाळ्यात मी घरात थेटर बांधलं. आमच्या कारधा गावात टीव्ही घरोघरी आहे, पण थेटर फक्त घनश्यामकडे! तेही एक वीट न रचता आणि भंडाऱ्याहून एकही कारागीर न बोलावता. तुम्हालाही बांधायचं असेल तर या, सगळं सांगीन. फक्त आधी हे पुरतं ऐकून घ्या.

थेटर मला माझ्यासाठी नको होतं. ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी, चंद्रभागाबाईसाठी होतं. बाईनं तीस वर्षं राईस मिलीत काढली. धान सोलता सोलता मिलीनं तिचे कानही सोलून घेतले. डॉक्टरनं मशीन दिलं, पण ते लावलं की बाई म्हणे, "सारे आवाज एकदमच घुसते रे बापू. जशा फाटकातून बकऱ्या!"

तेजस्विनी माझी नात. माझा मुलगा धर्मेंद्र जवाहरनगरला फॅक्टरीत आहे, पण पोरगी लहानपणापासून आमच्याकडेच, बाईच्या कुशीत वाढली. लग्नात निरोपाच्या वेळी ती बाईच्या गळ्यात पडली आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. बँड वाजत होता. बाईनं डोळे पुसले, मान हलवली, "हो माय, हो माय" म्हणाली. गाडी वळणाआड गेल्यावर मला विचारते, "काय म्हणाली रे पोरगी?"

मला काय माहीत! फोन केला, तर नवरीबाई म्हणतात, "आबाजी, मी तं रडून राहिली होती. काय बोलली, मलेच आठवत नाही."

तेव्हापासून बाईचं जेवणात लक्ष लागेना. "लेकरानं जाता जाता काही मागितलं असन. अन् मी नुसती मुंडी हालवली!"

महिन्याभरानं लग्नाचा पेनड्राइव्ह आला. त्यात तो निरोपही होता. धर्मेंद्रनं आपला जुना मोठा टीव्ही आणि स्पीकरचा संच आमच्याकडे आणून टाकला होता. तो लावला आम्ही धान ठेवायच्या रिकाम्या खोलीत, टिनाखाली. बँड आणि पोरगी एकमेकांत अशी मिसळली, जसं वरणात दूध सांडावं! कोणालाच काही कळलं नाही. बाई मशीन काढून भिंतीकडे तोंड करून बसली.

मी साकोलीच्या कमलेशला बोलावलं. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकांना भोंगे लावणारा माणूस तो. खोलीत आला, मधोमध उभा राहिला आणि एक टाळी वाजवली.

"काकाजी, टाळी एक गेली, वापस चार आल्या. तुमचा टीव्ही चांगला आहे. खोली खराब आहे. आवाज टिनावर आपटते, भिंतीवर आपटते, मंग तुमच्या कानात येते. भिंतीले मऊ अन् जाड काही लावा."

"काय लावू?"

"शहरात फोम भेटते." त्यानं भावही सांगितला.

"अबे, तेवढ्यात दुभती म्हैस येते!"

"मंग म्हैस बांधा भिंतीले," कमलेश म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

पण मऊ आणि जाड म्हटल्यावर माझं डोकं चाललं. घरात रिकाम्या पोत्यांचा बारदाना होता. धानाच्या वाळल्या काडाचा, तणसाचा ढीग होता. पोत्यांत तणस भरलं. ते ढिलं वाटलं, म्हणून फटी भरायला मागच्या सालचं पाखडून उरलेलं पोचट धान ओतलं. चारही भिंतींवर वरून खालपर्यंत पोती टांगली. खिडकी पोत्यांनी बुजवली. छताला गोधड्या ताणल्या, दाराला आतून वाकळ ठोकली.

माझी बायको सीताबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "घर आहे का गोदाम? पाव्हणे येतील तं धानाचा भाव विचारतील!"

मी टाळी वाजवली. भिंतींनी ती गिळली आणि ढेकरही दिला नाही! छाती अशी फुगली की बंडीचं बटण तुटलं. मग मी दारावर पाटी लावली: 'आत खेळ सुरू आहे. कडी लावू नये.' अक्षर मी साठीत शिकलो, तेजस्विनीनंच शिकवलं. त्यामुळे कुठं लिहायची संधी मिळाली की मी सोडत नाही.

आता खिडकी बुजवलेली, वर टिन, महिना जूनचा. खोलीची भट्टी झाली. म्हणून मी कूलर लावला. तिथंच घनश्याम चुकला.

आठव्या दिवशी सीताबाईची हाक आली, "अहो, लवकर या! तुमचं थेटर उगवलं!"

खरंच! पोत्यापोत्यातून हिरवे कोंब बाहेर आले होते. कूलरचा गारवा, कूलरचे शिंतोडे, आणि पोचट म्हणून टाकलेलं धान! घरच्या शेतात एवढी उगवण कधी झाली नव्हती.

"उपटा ते," सीताबाई म्हणाली.

"उपटू? लोकं बियाण्यासाठी रडून राहिले, अन् आपल्या भिंतीले परे आले!"

शेतकऱ्याचा हात आहे, जित्या रोपाला कसा लागेल? उलट मी कूलर थोडा आणखी भिंतीकडे वळवला. हे मी घरात सांगितलं नाही.

आमच्या म्हशीला, राणीला, मात्र सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं दारातून मान घातली आणि खालची आख्खी रांग फस्त केली. सीताबाईनं काठी आपटून जाहीर केलं, "आतापासून ह्या खोलीचं दार मी कडी लावूनच ठेवीन. सांगून ठेवते!"

तिनं सांगून ठेवलं. मी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी बाईला घेऊन थेटरात बसलो. फोन बाहेर ओसरीवर चार्जिंगला होता. लग्नानंतर कपाटात एक बेवारशी चार्जर सापडला होता, मोठा चपळ. त्यावरच मी लावत असे. दार ओढून घेतलं. बाईनं मशीन कानात घातलं. मी कूलर बंद केला, पेनड्राइव्ह लावला.

मंगलाष्टकं सुरू झाली. बाई ताठ बसली. "बापू! भटजी दिसून राहिला, अन् ऐकूही येऊन राहिला!" शेवटच्या 'सावधान'ला तिनं हवेत मूठ उडवली. अक्षता नव्हत्या, पण टाकल्या.

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो. दार उघडेना. बाहेरून कडी!

हाक मारली. दार बडवलं, तर आतली वाकळ म्हणाली 'फुस्स'. दोघांनी मिळून बोंब मारली. पोत्यांनी तीही गिळली. असं उत्तम थेटर झालं होतं!

बाहेर काय चाललं होतं, ते मागाहून कळलं. जेवायची वेळ झाली, म्हातारा-म्हातारी गायब. माझा फोन ओसरीवरच वाजत होता. कोणी तरी म्हणालं, "दोघं घाटाकडं जाताना दिसले." झालं! अर्धं गाव वैनगंगेवर. दोन डोंगे पाण्यात उतरले. धर्मेंद्र ड्युटी सोडून धावत आला. सीताबाई पुलावर उभी राहून रडत होती आणि रडता रडता मला शिव्याही देत होती.

इकडे मी घामानं निथळत होतो. बाई शांत. "बस ना बापू. आता निरोपाचं लाव."

लावलं. या वेळी बँड दूर राहिला. पोरगी जवळ आली, अगदी आमच्या दोघांच्या मधे बसल्यासारखी. बाईनं हात वर केला. "अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून बाई हसायला लागली. बोळकं तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मलाही स्वच्छ ऐकू आलं होतं. पोरगी हुंदके देत म्हणत होती, "मोठी आजी, माहा चार्जर कपाटात राहिला. पाठवून देजो. आबाजीच्या हाती नको देऊ, ते हरपवते!"

मी गोधड्यांकडे बघू लागलो.

"बापू," बाई म्हणाली, "कोणता चार्जर रे?"

उत्तर देण्यातून मला राणीनं वाचवलं. घरात राखायला कोणी नाही बघून तिनं दाराला टक्कर दिली होती. दुसऱ्या टकरीला कडी तुटली आणि म्हैस आत! आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही, सरळ हिरव्या भिंतीला लागली. तेवढ्यात दमलेली सीताबाई आणि तिच्यामागं कमरेपर्यंत भिजलेलं गाव दारात येऊन उभं राहिलं.

"अर्धं गाव पाण्यात, अन् तुमी सिनेमा पाहून राहिले!"

"कडी कोणी लावली? पाटी नाही वाचली?"

"मले वाचता येते काय? तुमी शिकले. मले शिकवलं?"

गाव हसलं. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवसापासून थेटरात खेळाआधी अर्धा तास सीताबाईची शाळा भरू लागली. तिनं पहिलं वाक्य वाचलं ते दारावरचं, आणि वाचून म्हणाली, "अक्षर वाकडं आहे."

पोत्यांत आता नुसतं तणस आहे. कूलर बाहेर आहे. बाईनं चार्जर काही पाठवू दिला नाही. "तिले सांगा, येऊन ने." तेजस्विनी येई, बाईजवळ थेटरात बसून तासन्‌तास बोले, बाई एकेक शब्द ऐके, आणि जाताना पोरगी दर वेळी चार्जर विसरून जाई. तो अजून थेटरातच खिळ्याला टांगलेला आहे. मी त्याला हात लावत नाही. फारच घाई असली तरच.

चंद्रभागाबाई दोन हजार चोवीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी वारली. वय एक्याऐंशी.