जावईबापूंचा हात

बिघडलेलं यंत्र आणि जावईबापू यांची गाठ पडली की हार नेहमी यंत्राची होते, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. सासूबाईंच्या घरात त्याचे पुरावे जागोजागी मांडलेले होते. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उघडल्यापासून नुसते टोले द्यायचं, काटे हलवायचं नाही. मिक्सर सुरू व्हायचा, पण बंद करायला प्लग उपटावा लागायचा. पंख्याचा तर एकच वेग उरला होता, आणि त्या वेगात खाली बसायची कोणाची छाती होत नव्हती! जावईबापूंना मात्र एवढंच दिसायचं की यंत्र चालतंय. बाकी सगळे माणसांचे नखरे!

त्यांना बोलणार कोण? बोलूनचालून जावई. त्यातून सासूबाईंचा स्वभाव भिडस्त. लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाला तोंडावर 'नको' म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. फार तर 'राहू द्या' म्हणायच्या, तेही जमिनीकडे बघून. आणि जावईबापूंचा अनुभव असा, की माणसं भिडेपोटी दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्या आग्रहाला घेतात. फळांची पिशवी सासूबाई अशीच घ्यायच्या. मग दुरुस्ती का नाही घेणार?

त्या रविवारी त्यांच्या हाताला लागला तो सासऱ्यांचा प्लेअर.

सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. जन्मभर बसमध्ये कंडक्टरी केलेली, त्यामुळे गळा असा की त्यांनी घरात कोणाला हाक मारली तरी रस्त्यावरचा माणूस पुढे सरकायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं हा काडेपेटीएवढा प्लेअर घेतला. त्यात गाणी भरून घेतली आणि कानात इअरफोनची बोंडं खुपसून ते बरोबरीनं गायला लागले. कान बंद असल्यामुळे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. बाकी सगळ्यांना येई! शेजारी आधी हसले, मग खिडक्या लावून घेऊ लागले.

एकदा प्लेअर नुसताच समोर पडलेला असताना सासरे तसेच गायला बसले, तेव्हा सासूबाईंनी त्यावरचं रेकॉर्डिंगचं बटण हळूच दाबून ठेवलं. नंतर ऐकवलं तर म्हातारा दोन दिवस फुगून बसला. "हा मी नव्हेच!" म्हणाला. पण होता तोच. अख्खं गाणं पहिल्या ओळीपासून बेसूर, मध्येच खोकल्याची उबळ, आणि शेवटच्या कडव्याच्या ऐन भरात गाणं थांबवून, "अगं, चहा टाकतेस ना?"

आता तेवढंच उरलं होतं. सासूबाई लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायच्या. दुपारचं शिवण आवरलं की त्या मशीनपाशीच बोंडं कानात घालून बसत. गाणं संपत आलं, प्रश्न आला, की मोठ्यानं म्हणत, "टाकते!" आणि उठत. लेकीनं हे एकदा दारातून पाहिलं होतं आणि आल्या पावली ती परत गेली होती.

तर त्या रविवारी सासूबाई खालच्या बाईंना झगा द्यायला गेल्या होत्या. जावईबापूंनी प्लेअर उचलला आणि बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर एक पिटुकली पिशवी उमटली आणि विझली. पुन्हा दाबलं. पुन्हा पिशवी! चारही बटणं दाबून झाली. गाणं नाही, शब्द नाही, नुसती पिशवी!

"बंद पडलाय," जावईबापू आनंदानं म्हणाले.

"अहो, ठेवा तो खाली," बायको म्हणाली. "त्यात बाबांचा आवाज आहे."

"म्हणूनच तर! ही पिशवी बघ. म्हणजे पोट भरलंय त्याचं, अजीर्ण झालंय. अशानं एक दिवस सगळंच जाईल. मी आवाज काढून नीट दुसरीकडे ठेवतो."

"नीट म्हणजे घड्याळासारखा?"

तेवढ्यात सासूबाई आल्या. जावयाच्या हातात काय आहे ते दिसलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"राहू द्या, जावईबापू. चालतोय तो."

"कुठे चालतोय, आई? मी दाबून पाहिला ना! नुसती पिशवी येते."

"तसं नव्हे… म्हणजे तो…" सासूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तुम्हाला कशाला त्रास? राहू द्या."

दोनदा झालं! जावईबापूंनी प्लेअर खिशात घातला. "त्रास कसला? पुढच्या रविवारी आवाज घेऊनच येतो." सासूबाई त्या खिशाकडे बघत राहिल्या. लेक आईकडे बघत राहिली. दोघींपैकी एकीनं खिशात हात घालायला हवा होता. पण जावयाच्या खिशात हात कोण घालणार?

जावईबापू सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लेअर तळहातावर आपटला, फुंकर मारली, उलटा धरून झटकला. कडेला नखाएवढी एक खिट्टी होती. ती त्यांना वाकडी बसल्यासारखी वाटली, म्हणून टाचणीनं ढकलून सरळ केली. मग स्वारी हिशेबनिसाच्या टेबलावर गेली आणि तो जेवायला गेलेला बघून त्याच्या कॉम्प्युटरला प्लेअर जोडला.

कॉम्प्युटरनं लगेच काहीतरी विचारलं. यंत्राचे प्रश्न वाचायचे नाहीत, हा जावईबापूंचा जुना नियम. यंत्राच्या तोंडी लागलं की ते डोक्यावर बसतं! त्यांनी दोन बटणांपैकी मोठं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं घाबरून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा मोठं बटण दाबलं. एक पट्टी भरत गेली आणि काम फत्ते! प्लेअर काढून दाबला, तर पिशवी गायब, पडदा लख्ख! पोट साफ झालं होतं. ताट रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून त्यांनी हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवरची चारशे गाणी त्यात भरलीसुद्धा.

हिशेबनीस दात कोरत परत आला.

"आमच्या सासऱ्यांचा आवाज तुझ्या कॉम्प्युटरवर आलाय," जावईबापू म्हणाले. "तेवढा काढून दे."

हिशेबनिसानं शोधलं. पुन्हा शोधलं. मग दात कोरायचं थांबवून त्यानं विचारलं, "तुम्ही काय दाबलंत?"

"मोठं बटण."

"ते पुसायचं बटण होतं, साहेब. वर लिहिलं होतं. दोनदा."

जावईबापू हसले. मग हिशेबनीस हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"पण परत निघेल ना?"

"नुसतं पुसलं असतंत तर प्रयत्न केला असता. तुम्ही त्यावर चारशे गाणी भरलीत!"

जावईबापू मटकन खुर्चीत बसले. आपल्या हातून काय गेलं ते त्यांना आता कळलं. म्हातारा दवाखान्यात गेला तेव्हा निदान सगळे भोवती उभे होते. या वेळी तो एकटाच गेला, हिशेबनिसाच्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत.

आठवडाभर त्यांना घास गोड लागला नाही. शेवटी त्यांना युक्ती सुचली. आवाज सासऱ्यांचाच हवा असं थोडंच आहे? बेसूर असला की झालं! स्टोअरमधल्या सगळ्यात मोठ्या पाइपात शिरून त्यांनी तेच गाणं म्हणून प्लेअरवर रेकॉर्ड केलं. पहारेकरी काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, पाइपात कोणीतरी चेंगरलं! जावईबापूंनी रेकॉर्डिंग ऐकलं. बेसूर होतं, यात वाद नाही. पण ते नुसतंच बेसूर होतं. सासऱ्यांसारखं मजेत बेसूर गाणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. त्यांनी ते पुसून टाकलं. पुसायचं बटण आता त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रविवारी दोघं गेली. बायकोला त्यांनी जिन्यातच सांगितलं. ती कठड्याला धरून तशीच उभी राहिली.

"आई, प्लेअर चालू झाला," जावईबापू म्हणाले. "पण… चालू करताना आतलं सगळं पुसलं गेलं. बाबांचंही. माझ्याच हातून."

सासूबाईंनी प्लेअर घेतला आणि कडेच्या खिट्टीवरून अंगठा फिरवला.

"बंद पडलाच नव्हता तो," त्या म्हणाल्या. "ती पिशवी नव्हे, कुलूप आहे. ही खिट्टी सरकवली की बटणं चालत नाहीत. ह्यांनीच शिकवलं होतं मला. चुकून कोणाचा हात लागून पुसलं जाऊ नये, म्हणून मी कुलूप लावून ठेवायचे."

कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या घरात यंत्रांना हात लावणारा माणूस एकच होता.

दुपार झाली. घड्याळानं भलतेच टोले दिले. सासूबाई सवयीनं मशीनपाशी बसल्या, बोंडं कानात घातली. कोणीतरी नामांकित गवई अगदी सुरात गायला असावा. गाणं संपलं. सासूबाई तशाच बसून राहिल्या. लेकीनं पदर तोंडाला लावला. जावईबापूंना ते बघवेना, आणि काय बोलतोय हे कळायच्या आत ते मोठ्यानं बोलून गेले, "आई, चहा टाकता ना?"

"टाकते!" म्हणत सासूबाई उठल्याही. दोन पावलं गेल्यावर त्यांनी वळून बघितलं, कोण विचारतंय ते. मग त्या पाठ फिरवून बराच वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या. गॅसचा लायटर नुसताच टिकटिक करू लागला.

जावईबापू धावले. "थांबा आई, द्या इकडे, मी बघतो…"

"बसा!"

पंखासुद्धा क्षणभर दचकल्यासारखा वाटला.

"तिथेच बसा, जावईबापू. आणि दोन्ही हात मांडीवर ठेवा."

जावईबापू बसले. हात मांडीवर ठेवले. चहा झाला, सासूबाईंनी कप समोरच्या स्टुलावर आणून ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. कपाला हात लावायची परवानगी आहे की नाही, हे विचारायची काही जावईबापूंची छाती होईना. चहा निवत गेला, साय धरली, आणि ते सायीकडे बघत बसले.