गजराबाईंच्या आठ्या

चैत्र वद्य तृतीया. ऊन कडक, वारा पडलेला.

तर मुलांनो, असल्या दिवशी एका जंगलात गजराबाई नावाची हत्तीण पाण्यात आपलं तोंड न्याहाळत बसली होती.

गजराबाई म्हणजे पाणवठ्याच्या सरपंच. त्यांच्या आधीचे सरपंच इतकं लांब भाषण करायचे, की ते संपेपर्यंत पाणी आटायचं. म्हणून जंगलाने नियमच केला : सरपंचाने सभेत तोंड उघडायचं नाही. कपाळाला आठी पडली तर नामंजूर. नाही पडली तर मंजूर.

आणि गजराबाईंच्या आठ्या काय विचारता! एक पडली की माकडं झाडावर. दोन पडल्या की बिबट्या घरी. त्यांच्या भरवशावर हरणांची पाडसं निर्धास्त पाणी प्यायची.

पण आज सकाळीच तरसोबा त्यांना म्हणाला होता, "पाया पडतो, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस रे मेल्या? तुझ्या बरोबरीची आहे मी!"

"असाल हो. पण कपाळ तसं म्हणत नाही ना! एकदा गांधीलबाईंकडे जाऊन या. सुसरीला त्यांनी टोचलं, तर तिची पोरं आता तिला ताई म्हणतात."

ताई! हा शब्द गजराबाईंच्या सुपाएवढ्या कानांत घुमत राहिला. दुपारी त्या गांधीलमाशीच्या पोळ्यापाशी हजर.

"दुखेल का गं?"

"आधी दुखतं, मग काही कळतच नाही. ओठांनाही टोचू? कपाळाबरोबर ओठ फुकट आहेत."

"फुकट आहेत तर टोच की!"

कपाळ फुगलं. टम्म, गुळगुळीत, भोपळ्यासारखं. गजराबाई उड्या मारत सभेला निघाल्या. हत्ती उड्या मारत नाहीत, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

सभेत तरसोबा उठला. "उद्यापासून पाणवठ्याची राखण माझ्याकडे द्यावी. पाडसांवर माझा फार जीव आहे. एकेकावर वेगवेगळा आहे."

गजराबाईंनी आठी घातली. ती मनात पडली. कपाळावर पोचलीच नाही.

"मंजूर!" भालदार पोपट ओरडला.

"आणि बाई आता दमल्या असतील. सरपंचही मीच होतो."

गजराबाईंनी सगळी ताकद पणाला लावली. कान ताठ झाले, शेपूट ताठ झालं, पायाखालचा दगड फुटला. कपाळ मात्र लख्ख.

"मंजूर! आनंदाने मंजूर!"

आता कसला नियम नि कसलं काय! गजराबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या, "नाही!"

पण ओठ फुगलेले. बाहेर पडलं ते "हाऽऽय!"

"हाय म्हणाल्या!" पोपटाला गहिवरून आलं. "अहो, किती तरुण झाल्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतलं एक पाडस कान हलवत म्हणालं, "टाटा, ताई!"

दुसऱ्या दिवशी सूज उतरली. गजराबाईंच्या सगळ्या आठ्या परत आल्या. पाणवठ्याचा सरपंच तरसोबा आहे. पाडसं डोंगरापलीकडच्या डबक्यावर पाणी पितात.

तात्पर्य : सुरकुत्या खुशाल काढाव्यात. फक्त सुरुवात दुसऱ्याच्या कपाळापासून करावी.