भिरभिऱ्याला लावलेली तीट

चित्रकथेतले वीर छापायला घेण्याआधी एखाद्या लेकुरवाळ्या घरी दाखवायला आणतात, आणि या खेपेला आमचं घर ठरलं. गावात छापखाना निघाला तेव्हापासूनची ही रीत आहे. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल पाहिजे, आणि मोठ्यांपैकी कुणाला तरी अक्षर लावून वाचता आलं पाहिजे, एवढंच बघतात. आमची आर्वी चार वर्षांची आहे आणि मी सातवीपर्यंत शाळेत गेलेली आहे.

छापखान्याचे बेळगुंदकर आदल्या आठवड्यात निरोप द्यायला आले. या वेळी एक नाही, दोन वीर येणार होते. महापोलाद आणि भिरभिऱ्या. दोघांचा मिळून एकच अंक काढायचा होता. आम्ही बघायचं ते इतकंच की चित्र कसं उतरलंय आणि विनोदानं मूल हसतं का. जोडी जमली तर अंक निघणार, नाही जमली तर महापोलादला दुसरा जोडीदार बघणार.

"आणि भिरभिऱ्याचं काय?" मी विचारलं.

"त्याचं कपाट आहे की," बेळगुंदकर म्हणाले. "त्याला काढणारे गुरव मास्तर गेल्या साली वारले. आता तसा हात कुणाचा नाही. त्याला हे शेवटचंच स्थळ म्हणायचं."

सासूबाई "अरेरे" म्हणाल्या आणि पोहे किती जणांचे भिजवायचे ते विचारून घेतलं. बेळगुंदकर म्हणाले, वीर काही खात नाहीत, पण बशी पुढं करायची पद्धत आहे.

तो आठवडा मला सुखाचा गेला नाही. वीरांची शाई ओली असली आणि आर्वीनं हात लावून तोंडात घातला तर? ते बोलले की पांढरे फुगे निघतात, त्यातला एखादा तिच्या घशात अडकला तर? आर्वीचे बाबा ट्रक घेऊन गोव्याकडे गेलेले, त्यामुळं मी सगळं सासूबाईंनाच विचारत होते.

"मयुरे, वीर याय लागल्यात, वाघ न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझी काळजी बघून वाघ बी दारातनंच माघारी जाईल."

रविवारी ते आले. महापोलादचे खांदे दारात मावेनात, म्हणून बेळगुंदकरांनी त्याला आडवा करून आत घेतला. तो पलंगाच्या कडेला बसला. एवढा मोठा माणूस बसला तरी पलंग वाजला नाही, कारण तो कागदाचा होता. भिरभिऱ्या बाहेरच थांबला होता.

"चपला पायालाच काढलेल्या आहेत हो बाई," तो म्हणाला. त्याच्या डोक्यावर फुगा आला आणि मी तो वाचला. "निघत नाहीत. चालेल का?"

"चालतंय, चालतंय. या आत," सासूबाई म्हणाल्या.

त्याच्या अंगाची रेघ सगळीकडं जराशी थरथरलेली होती. शेवटी शेवटी मास्तरांचा हात कापायचा म्हणे. एक कान मोठा, एक लहान. गाल मात्र असे गोल आणि मोकळे, की आर्वी बराच वेळ तिकडंच बघत राहिली. त्याच्या बाजूनं बोलायला बरोबर कुणी आलं नव्हतं. महापोलादच्या बाजूनं बेळगुंदकर बोलत होते.

सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "जरा चालून दावा बघू."

महापोलाद चालला. गुडघ्याखाली धूर होता, तोही त्याच्याबरोबर चालला.

"पाय?"

"पाय धुरात आहेत, आजी. स्टुडिओचं काम आहे. तिथं पाय धुरातच ठेवतात," बेळगुंदकर म्हणाले.

"ते झालं. पर हायेत का?"

मग पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "तिथल्या चित्रकारांना पाय काढता येत नाहीत."

"असू दे. माणसात काय तर कमी असतंयच," सासूबाई म्हणाल्या आणि पोह्याची बशी त्याच्याकडं सरकवली.

मग बेळगुंदकर केसांकडं वळले. "हे बघा ताई, किती काळेभोर. आणि चित्रकारानं त्यात ठेवला होता नुसता एक ठिपका. आत ठिपका दिसला की आमची भरणारी पोरं रेघेपर्यंत काळं भरून टाकतात. एकदा भरलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही."

मी मान हलवली. पण माझं लक्ष आर्वीकडं होतं. ती महापोलादच्या धुरात हात घालत होती आणि तिला खोकला होईल असं मला वाटत होतं.

विनोदाची पाळी आली तेव्हा पहिला मान महापोलादला दिला. तो उभा राहिला, छाती काढली आणि म्हणाला, "दुष्टांनो! माझ्या एका हाताला उजवा म्हणतात आणि दुसऱ्याला डावा! तुम्हाला कुठला आवडेल?" फुगा वर गेला आणि पंख्याला टेकून राहिला. पंखा मी आधीच बंद ठेवला होता.

आर्वीनं फुग्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आई, मला भूक लागली."

बेळगुंदकरांनी घसा साफ केला आणि भिरभिऱ्याकडं बघितलं. भिरभिऱ्यानं हात जोडले. "मला एकट्याला विनोद येत नाही," तो म्हणाला. "आधी कुणीतरी काहीतरी उचललं पाहिजे."

"हे बरोबर आहे," बेळगुंदकर म्हणाले. "जोडीचाच अंक आहे."

महापोलादनं इकडं तिकडं बघितलं आणि पलंग उचलला. पलंगावर सासूबाई होत्या, हातात बशी होती. तो त्यांना घेऊन तुळईपर्यंत गेला. तेवढ्यात भिरभिऱ्यानं गर्रकन एक फेरी मारली, पलंगाच्या बाजूला हवेत उभा राहिला, काखेत नसलेली कातडी पिशवी दाबून धरली आणि असं तोंड केलं की काय सांगू. गाल फुगवले, एक भुवई डोक्याच्या बाहेर निघून कॅलेंडरपर्यंत गेली, डोळे नाकापाशी येऊन भेटले. अगदी एस्टीतला कंडक्टर.

"आत सरका, आत सरका! मागं जागा हाय!"

सासूबाई वरच्या वर सरकल्या. "सरकले की रं बाबा! आनि किती सरकू, भिंतीत शिरू काय?"

आर्वी जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता आडवी झाली, तिला उचकी लागली, उचकीतनंही हसत राहिली. महापोलाद सुद्धा हसला. त्याला हसू काढलेलं नव्हतं, त्यामुळं ओठाच्या कडेला कागद थोडा चिरला, पण बेळगुंदकर म्हणाले, ते चिकटवता येईल.

"जोडी जमली," मी सांगितलं.

पलंग खाली आला. सासूबाईंनी दोघांच्या हातावर साखर ठेवली. महापोलादला परत आडवा करून बाहेर काढायचं म्हणून बेळगुंदकर त्याच्या खांद्याला लागले, आणि तेवढ्यात हसण्याचा आवाज ऐकून शेजारच्या शकुंतलाताई दारात आल्या. त्यांची नजर भिरभिऱ्यावर पडली.

"अगंबाई! किती गोड! गाल बघा की! कुणाचं गं हे?"

असंच "किती गोड" म्हणून कुणी गेलं की आर्वीला संध्याकाळी ताप भरतो. आणि या बिचाऱ्याला तर विचारणारं कुणी नाही, उद्या छापायला जायचं, गावोगावच्या लोकांनी बघायचं. मी काजळाची डबी उघडली आणि आर्वीला रोज लावते तशी त्याच्या डाव्या गालावर तीट लावली.

तो हलला नाही.

"मला कधी कुणी लावली नव्हती," तो म्हणाला. "मास्तरांना लेकरं नव्हती. त्यांना सुचलं नसेल."

"बेस केलंस," सासूबाई म्हणाल्या. भिरभिऱ्या गालाला हात न लावता, पुसू नये म्हणून मान एका बाजूला धरून, जिना उतरला.

अंक निघाला की पहिली प्रत दाखवलेल्या घरी येते. आर्वीनं ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि पानं उलटायला लागली. महापोलाद दरीवरून उडी मारत होता. महापोलाद धरणाची भिंत धरून उभा होता. महापोलादनं एस्टी उचलली होती आणि तिच्या बाजूला हवेत एक काळं काहीतरी होतं. डोक्यापासून चपलांपर्यंत काळं. वर फुगा होता आणि फुग्यात लिहिलेलं होतं, "आत सरका, आत सरका! मागं जागा हाय!"

"भिरभिऱ्या कुठाय?" आर्वीनं विचारलं.

"हा काय."

"ही सावली आहे."

मी तिला फुगा वाचून दाखवला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग परत चित्राकडं बघितलं आणि अंक माझ्या मांडीवर ठेवून खेळायला गेली.

मी तशीच छापखान्यात गेले. बेळगुंदकर अगत्यानं उठून उभे राहिले, खुर्ची दिली.

"ताई, ठिपका तुमचाच होता ना?" ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, चित्राची बाजू तुम्ही बघितलीत, तुम्हाला तो काळाच हवा असेल. घरानं दिलेला ठिपका आम्ही कसा मोडणार?"

"ती तीट होती हो."

"तीट?" त्यांनी चष्मा काढला. "आमची भरणारी पोरं सगळी बिनलग्नाची. त्यांना कसं कळणार?"

"पण एवढा सगळा?"

"गालापासून भरत गेली. मास्तर गाल मोकळा सोडायचे ना, मध्ये रेघच नव्हती. कुठं थांबायचं ते पोरांना कळलं नाही."

"वरनं पांढरा लावा की."

"पांढरा लावू. मग तोंड कोण काढणार?"

त्यांनी मला पाणी दिलं. मग समजूत घातल्यासारखे म्हणाले, अंक चांगला चाललाय. चित्र लोकांना फार आवडलंय, सावलीचं काम तर सगळे नावाजतात. विनोद तेवढा पोचला नाही म्हणतात. पुढच्या अंकाला महापोलादबरोबर दुसरा कुणीतरी बघावा लागेल.

"आणि याला कपाटात ठेवणार?"

"कपाटात काळं दिसत नाही हो, हरवेल कुठंतरी," बेळगुंदकर म्हणाले. "तुम्ही नेता का?"

मी त्याला उन्हातनं घरी आणला. तो माझ्या बाजूनं रस्त्यावर आडवा पडून येत होता, त्यामुळं वाटेत कुणी काही विचारलं नाही. फक्त गटार लागलं की मी जरा पलीकडनं चालायचे, त्याला ओल लागू नये म्हणून. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचा फुगा आला. फुगे मात्र पहिल्यासारखे पांढरेच होते.

"आतनं काही दिसत नाही," तो म्हणाला. "डोळेसुद्धा भरलेत. आर्वी हसली का?"

"हसली," मी म्हणाले. "लई हसली. उचकी लागली."

"आणि तीट आहे का अजून?"

मी त्याच्याकडं बघितलं. सगळंच काळं होतं.

"आहे," मी म्हणाले.

"मग बरं," तो म्हणाला.

आता तो आमच्याकडंच असतो. दिवसा आर्वीच्या पायापाशी राहतो. बालवाडीच्या बाईंनी एकदा विचारलं की हिला दोन सावल्या कशा, तर मी सांगितलं की एक आमच्याकडं राहायला आहे. त्यांनी बरं म्हटलं आणि मुलांना सांगितलं की पाय जपून टाका.

काजळाची डबी मी फळीवर वर ठेवून दिली आहे. सकाळी आर्वीचं आवरताना बोट तिकडं जातं. तिचेही गाल असेच मोकळे आहेत. मी बोट मागं घेते, आणि मग ती शाळेतनं येईपर्यंत जिवाला घोर लागून राहतो, की आज कुणी "किती गोड" म्हणालं नसेल ना.

संध्याकाळी भाजी निवडायला सासूबाई पलंगावर बसल्या की भिरभिऱ्या भिंतीवर येतो आणि त्याच्यावर फुगा येतो. आर्वीला अजून वाचता येत नाही, म्हणून मी वाचते. नुसतं वाचून भागत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी गाल फुगवते, भुवई वर करते, डोळे नाकाकडं आणायला बघते. पण भुवई कपाळाच्या वर जात नाही.

"आई, तुझा दात दुखतोय का?" आर्वी विचारते.

"हसली का?" भिंतीवरनं फुगा येतो. तो मी मोठ्यानं वाचत नाही. त्याला नुसतं "हसली" म्हणून सांगते.

सासूबाई मात्र रोज, मेथीची जुडी हातात तशीच धरून, पलंगावर थोड्या आत सरकतात.