आप्पांची चिमूटभर कणीक

आमचे शेजारी भानुदासआप्पा कुणाच्याही घरी गेले की चहाला नको म्हणतात आणि मळलेली कणीक मागतात. जास्त नाही, सुपारीएवढी. मिरजगावात आता याचं कुणाला नवल वाटत नाही. पाच वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा मला वाटलं, म्हातारा माशांना गोळ्या घालून पुण्य कमावतोय. मी हौसेनं चांगला लिंबाएवढा गोळा दिला.

त्यातला बराचसा त्यांनी परत केला. "एवढा कशाला, बाई? टिकलीपुरता पायजे." मग पिशवीतून एक लाकडी पन्हळ काढली. तिच्यात वीतभर ठोकळा सरकत होता, ठोकळ्याला आरपार भोक होतं आणि भोकात एक मोकळा खिळा खडखडत होता. पन्हळीच्या टोकाला कणीक चिकटवून त्यांनी ठोकळा मागे ओढला आणि सोडला. सायकलच्या ट्यूबच्या रबरानं तो खट्कन पुढे आला आणि कणकेच्या अलीकडेच अडला. खिळा मात्र तेवढ्या वेगानं जरा पुढे सरकला. कणकेवर बारीक खळगा पडला.

"ट्रिगर दिसतो का कुठं?"

"नाही."

"मग कुनी दाबला?"

"कुणीच नाही."

"टिचकी पडली का?"

"पडली."

"बार झाला का?"

"नाही."

"बास. ध्यानात ठिवा," असं म्हणून आप्पा उठले आणि चपला घालून गेले. मी बराच वेळ हातात उरलेली कणीक घेऊन उभी होते.

नंतर कळलं की आप्पा फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारे. काही रायफलींची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणारा खिळा, मोकळी असते, तिला मागे धरून ठेवायला स्प्रिंग नसते. काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट, म्हणजे पन्हळीतला तो ठोकळा, थांबला की पिन आपल्या ओघात पुढे जाते आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, पेट घेणाऱ्या टिकलीला हलकी टिचकी मारते. "यष्टीनं करकचून ब्रेक मारला की उभा मानूस पुढं जातोच की," आप्पा सांगायचे. "म्हनून काय त्यानं डायव्हरला मारलं व्हय?" त्या टिचकीनं बार उडत नाही, खूण तेवढी राहते. पण तेच काडतूस पुन्हा पुन्हा चढवलं तर टिचक्या एकावर एक बसतात आणि खळगा वाढत जातो. म्हणून मॅगझिनमधलं वरचं, म्हणजे सगळ्यात आधी नळीत जाणारं, काडतूस बदलत राहायचं, हा आप्पांच्या आयुष्याचा पहिला नियम.

हा नियम त्यांनी बंदुकीपुरता ठेवला असता तर गाव सुखी झालं असतं. पण आप्पा जेवायला बसले की चपात्यांची चवड मधून उपसतात. दुकानात गेले की अंड्यांच्या ट्रेमधली खालची अंडी वर करून येतात. एस.टी.त रोज वेगळ्या सीटवर बसतात. माझ्या वर्गाच्या खिडकीशी थांबून एकदा म्हणाले, "बाई, रोज त्याच पोरीला पयलं उभं करता. एकालाच वर ठिवू नका, खड्डा पडतो." मी मनात चार शिव्या दिल्या. पण त्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावरूनही सुरुवात करू लागले, हे कबूल केलं पाहिजे.

बायको गेल्यावर आप्पा एकटेच राहतात. मुलगी पुण्यात. माणूस जरा चक्रम आहे, एवढंच माझं मत होतं. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा, शीतलचा, रडत फोन आला आणि ते मत बदलायची पाळी आली.

शीतल एका सुरक्षा दलात नवीन लागली होती. पहारा सुरू करताना काडतूस नळीत चढवायचं आणि पहारा संपला की काढायचं, हे तिचं रोजचं काम. तपासणीत तिच्या एका काडतुसाच्या टिकलीवर खोल खळगा सापडला. साहेबांनी अर्थ लावला की पोरीनं पहाऱ्यावर ट्रिगर दाबला, नशिबानं बार उडाला नाही, आणि वर ती खोटं बोलतेय. चौकशी लागली. नोकरी जाणार हे जवळपास ठरलंच होतं. फोनवर ती एकच सांगत होती, "ताई, देवाशपथ, मी दाबला नाही गं."

मी तडक आप्पांचं दार वाजवलं. त्यांनी माझ्याकडून फोन घेतला आणि धीर वगैरे काही न देता विचारलं, "पोरी, वरचं काडतूस रोज त्येच का?"

"हो. मी रोज पुसून परत वरच ठेवायचे. नीटनेटकं राहावं म्हणून."

आप्पांनी डोळे मिटले. "किती दिस?"

"दोन महिने झाले असतील."

"बाई, पिशवी भरा," ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शीतलच्या छावणीत पोचलो. चौकशीचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. आप्पा माजी सैनिक, म्हणून त्यांनी त्यांना बसवून घेतलं. आप्पांनी आधी त्यांच्याकडेही कणीक मागितली. मेसमधून वाटीत कणीक आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खट् आवाज झाला, खळगा पडला आणि साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी शीतलचीच रायफल मागवली, वाळूच्या पोत्यांकडे तोंड करून नवं काडतूस चढवलं, काढलं. टिकलीवर पुसट खूण. पुन्हा चढवलं, पुन्हा काढलं. ट्रिगरला कुणी हात लावला नव्हता. पंचवीसेक वेळा झाल्यावर खळगा चांगलाच खोल झाला, तेव्हा साहेबांनी ते आणि शीतलचं आधीचं काडतूस शेजारी ठेवून निरखलं आणि शीतलला म्हणाले, "यापुढे वरचं काडतूस बदलत जा." चौकशी तिथेच मिटली. शीतल आप्पांच्या पायाच पडली.

परतीच्या एस.टी.त मला आनंदानं काय बोलू नि काय नको झालं होतं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, आज बोललो त्ये तीस वर्सं आधी बोलायला पायजे हुतं."

त्यांच्या पलटणीत सोपान नावाचा जवान होता, राहात्याचा. त्याच्याही काडतुसावर असाच खळगा सापडला होता. साहेबांनी नव्या आर्मररला, म्हणजे आप्पांना, विचारलं, ट्रिगर न दाबता अशी खूण पडते का? आप्पांना माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यांनी ठणकावून सांगितलं, "नाही, साहेब." सोपानच्या बाहीवरची बढतीची फीत गेली, आणि मुदत संपताच तोही फौज सोडून गेला. चार महिन्यांनी एक रायफल साफ करताना आप्पांना ती टिचकी स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. तेव्हाही ते कुणाला बोलले नाहीत.

"राहात्याला पेरूची बाग हाय त्याची. तीनदा निघालो. दोनदा नगरच्या ष्ट्यांडावरनंच माघारी फिरलो. एकदा बागंपतुर गेल्तो. त्याची बायकू रस्त्याला पेरू इकत हुती. दोन किलो घेतलं आन आलो."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. शीतलचा रडवेला आवाज अजून माझ्या कानात होता, आणि सोपानही असाच कुणापुढे तरी रडला असेल. पण शेजारी बसलेला हा म्हातारा गावभर कणीक का मागत फिरतो, हेही त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "आप्पा, रविवारी मला सुट्टी आहे."

रविवारी नगरच्या स्टँडवर गाडी बदलताना मी त्यांची पिशवी माझ्याकडे घेतली, म्हणजे पळता येऊ नये. राहात्याला पोचलो तेव्हा सोपानराव अंगणात पेरूंच्या पेट्या भरत होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी वर पाहिलं आणि हातातला पेरू तसाच राहिला.

"आर्मरर?"

आप्पांना नमस्कारही सुचला नाही. दारात आलेल्या त्यांच्या बायकोला ते म्हणाले, "वैनी, चिमटीभर कनीक मिळंल का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ताटलीत कणीक आली. आप्पांनी चिकटवलेली कणीक पहिल्यांदा खाली पडली. दुसऱ्यांदा चिकटली. खट्.

सोपानरावांनी पन्हळ आपल्या हातात घेतली, ठोकळा ओढला, सोडला. मग पुन्हा. मग पुन्हा.

"सायबानं इचारलं तवा मी न्हाई म्हनलो," आप्पा म्हणाले. "नंतर कळलं, तरी गप बसलो. तू खरा हुतास, सोपान. चुकलं माजं."

सोपानरावांनी आप्पांकडे पाहिलंच नाही. खळगा पडलेली ती कणीक तळहातावर घेऊन त्यांनी बायकोसमोर धरली. आवाज एकदम मोठा झाला होता.

"बघ. सांगत हुतो का न्हाई तुला? बोट ट्रिगरवर न्हवतंच."

"मी कवा न्हाई म्हनलं?" वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. मग आप्पांकडे वळल्या. "आता आलाच हाय तर जेवून जावा. कनीक मळल्यालीच हाय."

सोपानरावांनी पेटीवरचं पोतं झटकलं आणि आप्पांना बसायला जागा केली. आप्पा नको म्हणाले नाहीत.