ढोल्याचा निर्जळी नेम

लेकाचा फोन येऊन अडीच महिने झाले होते. नोकरीसाठी दूर जाताना त्याने आपला कुत्रा, ढोल्या, माझ्या हवाली केला. पूर्वी दोघं रोज पहाटे पळायला जात. आता ढोल्या दाराशी पडून असे, आणि मी फोनपाशी. (त्यातल्या त्यात शहाणा तोच; मधूनमधून झोपायचा तरी.)

शेवटी मी नवस बोलले: लेकाचा आवाज कानी पडेपर्यंत ढोल्याला रोज पळवीन, आणि पळून आल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही.

देवपूजा, जप, स्वयंपाक उरकून निघेपर्यंत साडेअकरा वाजत. ढोल्याचं भांडंही मी पालथं घातलं.

"अगं, तो कुठे नवस बोललाय?" आमचे हे म्हणाले.

"त्याच्याच मालकासाठी आहे ना? मग नेम दोघांचा!"

चौथ्या दिवशी भर रस्त्यात ढोल्या झोकांड्या खाऊ लागला. मला वाटलं, आळस. "चल राजा, कोपऱ्यापर्यंत," म्हणेतो तो कोसळलाच. लेकाने एकच जीव सोपवला होता! तसंच ते धूड उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडे प्राण्यांच्या डॉक्टरांकडे धावले. तिथून कुणीतरी ह्यांना फोन केला.

"पाणी कधी प्यायला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल रात्री. नेम आहे त्याचा."

"त्याला माहीत आहे?"

डॉक्टरांनी त्याचं पोट, पंजे साध्या पाण्याने भिजवले, पंखा लावला. "बाई, आपल्यासारखा घाम नसतो त्यांना. धापा टाकूनच अंग निववतात. पहाटे पळवा. वाटेत थांबा, पाणी पाजा. रस्त्याला आधी हात लावून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो."

मी डोळे मिटले. देवा, फोन नाही आला तरी चालेल. एवढा उठू दे.

बऱ्याच वेळाने ढोल्याने मान उचलली आणि तो लपलप पाणी प्यायला लागला. मी हात जोडले, आणि त्यापुढचं मला काही आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा टेबलावर मी होते. पोटावर ओला टॉवेल, डोक्यावर पंखा. ढोल्या खाली उभा राहून माझा तळवा चाटत होता. आणि हे, हातात कागद-पेन घेऊन, डॉक्टरांना गंभीरपणे विचारत होते,

"मग हिला पुन्हा कधीपासून पळवायचं?"